निघण्याआधीची पाटी

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला सकाळचे सात वाजले की हिवाळ्यात साताऱ्याला संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ही आईच्या फोनची वेळ. त्या दिवशी तिचा आवाज जरा पडलेला होता. “अरे, गोष्ट नीट रेकॉर्ड झाली. आकडेबिकडे सगळं मराठीत छान दिसतंय. पण ‘पाठवा’ दाबलं की ‘माहिती चुकीची आहे’ असं येतंय. तीनदा करून बघितलं. माझं काय चुकतंय?”

इथल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी आम्ही काही पालक मिळून एक छोटं अ‍ॅप करत होतो. भारतातल्या आजी-आजोबांनी फोनवर गोष्ट सांगायची आणि रविवारी ती मुलांनी वर्गात ऐकायची, एवढंच त्याचं काम. आम्हा सगळ्यांच्या फोनवर ते व्यवस्थित चालत होतं. एकानं तर फोन हिंदीत करूनही पाहिलं होतं, तेव्हाही चाललं. आईचा फोन मराठीत होता आणि तिथे मात्र अडत होतं.

आईचं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझ्या कोडमध्ये होती. ती मला दिसली नाही, कारण मराठी मुलांसाठीचं ते अ‍ॅप मी मराठी फोनवर एकदाही उघडलेलं नव्हतं. ती चूक ज्या साध्या सोयीनं पंधरा मिनिटांत सापडली, तिच्याबद्दल हा लेख आहे. अ‍ॅप बनवणारे तिला लाँच आर्ग्युमेंट म्हणतात.

गाडी तीच, पाटी वेगळी

एसटी फलाटाला लागते. चालक किंवा वाहक पुढच्या काचेशी ठेवलेली पाटी बदलतो. मघाशी ‘महाबळेश्वर’ होती, आता ‘स्वारगेट’ लागते, आणि तिच्या शेजारी कधी ‘विनाथांबा’ची आणखी एक. गाडी तीच, इंजिन तेच. कुणी एक नटसुद्धा फिरवलेला नसतो. तरी या फेरीला गाडी कुठे जाणार आणि वाटेत थांबणार की नाही, हे त्या पाटीनं ठरतं. पुढच्या फेरीला पाटी पुन्हा बदलता येते.

लाँच आर्ग्युमेंट ही अ‍ॅपची पाटी आहे. अ‍ॅप सुरू होण्याच्या क्षणी त्याला दिलेले हे चार शब्द असतात: या वेळी मराठीत चाल, या वेळी लॉगिन विचारू नकोस, या वेळी खऱ्या सर्व्हरऐवजी सरावाच्या सर्व्हरशी बोल. आर्ग्युमेंट हा शब्द इथे वादावादीच्या अर्थानं येत नाही. गणितात फलनाला जी किंमत द्यायची तिला आर्ग्युमेंट म्हणतात, तिथून तो संगणकात आला. हे शब्द दिले म्हणून अ‍ॅप नव्यानं बांधावं लागत नाही, कोडची एक ओळही बदलत नाही.

ही कल्पना मोबाइलवरच्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात युनिक्स ही संगणकप्रणाली आकाराला येत असताना प्रोग्राम टर्मिनलवर नाव टाइप करून चालवायचे, आणि नावापुढे जे शब्द लिहाल ते त्या प्रोग्रामच्या हातात पडायचे. सी भाषेतला प्रोग्राम ‘मेन’ नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. त्या मेनला दोन गोष्टी मिळतात. ‘आर्गसी’ म्हणजे किती शब्द आले आणि ‘आर्गव्ही’ म्हणजे ते कोणते. त्या यादीत पहिलं नाव प्रघातानं खुद्द प्रोग्रामचंच असतं. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं आणि ही पद्धत जगभरच्या प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडली. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तिला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलची जोड मिळाली. आर्ग्युमेंट ही एका प्रोग्रामला दिलेली सूचना असते. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ही त्याच्या भोवतालची परिस्थिती असते आणि त्यानं सुरू केलेल्या पुढच्या प्रोग्रामांकडेही ती वारशानं जाते.

फोनवर मात्र काही टाइप करायला जागाच नाही. बोट आयकॉनवर टेकतं आणि अ‍ॅप उघडतं. म्हणूनच आर्ग्युमेंट वापरणाऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाहीत. अ‍ॅप अजून कारखान्यात असताना, बनवणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या हातात असताना, त्यांचा उपयोग असतो.

आयफोनवर

आयफोनची अ‍ॅप ज्या एक्सकोडमध्ये बनतात, त्यात ‘स्कीम’ नावाची एक खिडकी आहे. तिच्या ‘रन’ विभागात आर्ग्युमेंट्सचा टॅब आहे. तिथे वरच्या यादीत आर्ग्युमेंट लिहायची, खालच्या यादीत एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. प्रत्येक ओळीपुढे टिक करायची चौकट असते. टिक काढली की ती ओळ यादीत राहते, पण अ‍ॅपला दिली जात नाही. अ‍ॅपच्या कोडमध्ये ‘प्रोसेसइन्फो’ला विचारलं की ती सगळी यादी मिळते.

अ‍ॅपलनं यात आणखी एक सोय ठेवलेली आहे आणि बऱ्याच नवख्यांना ती माहीत नसते. अ‍ॅप आपली सेटिंग ‘युजरडिफॉल्ट्स’ नावाच्या कप्प्यात ठेवतं. एखादं सेटिंग वाचायची वेळ आली की हा कप्पा काही थरांत ठरलेल्या क्रमानं शोध घेतो, आणि सगळ्यांत आधी बघतो तो आर्ग्युमेंटचा थर. एक उणे चिन्ह, त्याला जोडून सेटिंगचं नाव, मग जागा सोडून किंमत, अशा रूपात आर्ग्युमेंट दिलं तर त्या फेरीपुरतं ते साठवलेल्या सेटिंगवर मात करतं. फेरी संपली की ते मागे काही ठेवत नाही. त्यासाठी आपल्याला कोड लिहावा लागत नाही.

भाषाही याच वाटेनं बदलते. ‘-अ‍ॅपललँग्वेजेस’ या नावापुढे कंसात मराठीची खूण ‘एमआर’ लिहायची, ‘-अ‍ॅपललोकेल’पुढे ‘एमआर_आयएन’ लिहायचं, आणि ‘रन’ दाबायचं. बाकी अख्खा फोन इंग्रजीत राहतो आणि आपलं अ‍ॅप तेवढं मराठीत उघडतं. भाषांतर अजून झालेलंच नसेल तरी उपाय आहे. प्रत्येक मजकूर दुप्पट लांब करून दाखवणारी एक नकली भाषा एक्सकोडमध्ये मिळते. ‘सेव्ह’ या चार अक्षरी इंग्रजी शब्दाच्या बटणात ‘जतन करा’ मावेल का, हे भाषांतरकाराची वाट न पाहता बरंचसं आधीच कळतं.

नवख्यांची इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक्सकोडमधून अ‍ॅप चालवलं तर ते मराठीत येतं. मग फोन काढून घेतला, त्याच अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट ठेवलं, तर ते पुन्हा इंग्रजीत. यात बिघाड काही नाही. पाटी एक्सकोडनं लावली होती, आयकॉनवरून निघालेल्या फेरीला ती नव्हती. दुसरी फसगत अशी: एखादं सेटिंग आर्ग्युमेंटनं दिलेलं असताना अ‍ॅपच्या पडद्यावर जाऊन तेच बदललं, तर बदललेलं दिसत नाही. आर्ग्युमेंटचा थर आधी वाचला जातो, म्हणून आपला नवा बदल त्याच्या मागे झाकलेला राहतो. ही दोन्ही कोडी सोडवण्यात माझ्या संध्याकाळी गेल्या आहेत.

वेळेची तपासणीही अशीच होते. आमचा रविवारचा वर्ग इथे सकाळी दहाला असतो. तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, कारण इथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. सिम्युलेटरवर अ‍ॅप चालवताना ‘टीझेड’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं, की साताऱ्याच्या आजीला वर्गाची वेळ बरोबर दिसेल का ते अ‍ॅशबर्नमध्ये बसून बघता येतं.

अँड्रॉइडवर

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, म्हणजे युनिक्सच्याच कुळातलं. तरीही तिथे अ‍ॅपला जुन्या पद्धतीची आर्ग्युमेंट मिळत नाहीत. प्रत्येक अ‍ॅप शून्यापासून सुरू करायचं तर वेळ लागेल, म्हणून अँड्रॉइडनं ‘झायगोट’ नावाची एक प्रक्रिया आधीच तयार ठेवलेली असते. अ‍ॅप उघडायची वेळ आली की झायगोट स्वतःची प्रत काढतं आणि त्या प्रतीत आपलं अ‍ॅप चालू लागतं. मेन केव्हाच सुरू होऊन गेलेलं असतं, त्यामुळे तिथे आपले शब्द द्यायची संधी राहत नाही. ते काम ‘इंटेंट’ करतो. इंटेंट म्हणजे अमुक पडदा उघडा असा निरोप, आणि त्या निरोपासोबत ‘एक्स्ट्रा’ म्हणून नाव-किंमत अशा जोड्या बांधून देता येतात.

संगणकाला फोन जोडून टर्मिनलवरून ‘एडीबी’ या साधनामार्फत ‘एएम स्टार्ट’ ही कमांड द्यायची. एएम म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर. पुढे अ‍ॅपचं नाव, मग जोड्या. मजकूर असेल तर ‘--ईएस’, पूर्णांक असेल तर ‘--ईआय’, हो-नाही असेल तर ‘--ईझेड’. या तीन खुणा काळजीनं लिहाव्यात. अ‍ॅप पूर्णांकाची वाट पाहत असेल आणि आपण चुकून ‘--ईएस’नं पाच पाठवले, तर अ‍ॅप कोसळत नाही. लॉगमध्ये एक इशारा पडतो आणि अ‍ॅप आपली ठरीव किंमत घेऊन मुकाट पुढे जातं. आपण समजतो की पाच पोचले.

आईचा फोन अँड्रॉइडचा. मी अ‍ॅपच्या डीबग बिल्डमध्ये, म्हणजे तपासणीसाठीच्या प्रतीत, चार ओळी घातल्या: ‘भाषा’ नावाचा एक्स्ट्रा आला तर अ‍ॅपची भाषा ती कर. मग टर्मिनलवरून भाषा मराठी देऊन अ‍ॅप उघडलं, एक छोटी गोष्ट रेकॉर्ड केली आणि ‘पाठवा’ दाबलं. माहिती चुकीची आहे. आईला दिसलेला तोच पडदा माझ्या टेबलावर होता.

सर्व्हरकडे गेलेला मजकूर उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. रेकॉर्डिंगचे सेकंद ‘२७२’ असे देवनागरीत गेले होते. जावा आणि कॉटलिनमध्ये ‘फॉरमॅट’नं आकड्याचा मजकूर बनवताना भाषा सांगितली नाही, तर फोनची भाषा धरली जाते. भाषांच्या रीतीभातींचा जो सीएलडीआर नावाचा साठा युनिकोड संस्था सांभाळते, त्यात मराठीसाठी ठरीव अंक देवनागरी धरले आहेत आणि हिंदीसाठी इंग्रजी. म्हणून हिंदी फोनवर अ‍ॅप चाललं आणि मराठी फोनवर अडलं. गंमत अशी की जावाला देवनागरी अंक समजतात, त्यामुळे फोनवरच्या आमच्या चाचण्या मराठीत चालवल्या असत्या तरी पास झाल्या असत्या. सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये होता. त्याला ‘२७२’ हा आकडाच वाटला नाही आणि त्यानं आईची गोष्ट परत पाठवली.

दुरुस्ती एका शब्दाची होती. सर्व्हरकडे जाणारा आकडा बनवताना कोणत्याही भाषेला न बांधलेलं ‘लोकेल रूट’ सांगितलं. पडद्यावर मराठी अंक होते तसेच राहू दिले, आईला ते आवडले होते. पुढच्या रविवारी तिची गोष्ट वर्गात वाजली.

अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते आणि तीही एडीबीच्या कमांडनं बदलता येते. पण ते साठवलेलं सेटिंग आहे, ते आपण काढेपर्यंत तसंच राहतं. आर्ग्युमेंट फेरीबरोबर संपतं. हा फरक ध्यानात ठेवावा.

सर्व्हर नाही असं समज

आर्ग्युमेंटचा सगळ्यांत मोठा उपयोग चाचण्यांत होतो. २०१५ साली एक्सकोड ७ बरोबर अ‍ॅपलनं पडद्यावरच्या चाचण्यांची नवी पद्धत आणली. तिच्यात चाचणी आणि अ‍ॅप या दोन वेगळ्या प्रक्रिया असतात. चाचणी बटणं दाबू शकते, पडद्यावर काय आहे ते वाचू शकते, पण अ‍ॅपच्या पोटात हात घालू शकत नाही. मग काही सांगायचं तर ते सुरू करतानाच सांगावं लागतं: लॉगिन वगळ, अ‍ॅनिमेशन बंद ठेव, जुना डेटा पुसून नव्यानं सुरुवात कर. एवढं सांगितलं की तीच चाचणी शंभर वेळा चालवली तरी सुरुवात शंभर वेळा एकाच जागेवरून होते. असं नसेल तर चाचणी आज पास आणि उद्या नापास होते, आणि हळूहळू तिच्यावरचा विश्वास उडतो.

या यादीत मी एक सूचना न चुकता घालतो: सर्व्हर बंद आहे असं समज. अ‍ॅशबर्नमध्ये राहणाऱ्याला ती विशेष पटावी. इथे वॅक्सपूल रोडला लागलं की फारशा खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारती दिसू लागतात. ही डेटा सेंटरं. या पट्ट्याला डेटा सेंटर अ‍ॅली असंच म्हणतात आणि आमच्या लाऊडन काउंटीइतकी डेटा सेंटरांची दाटी जगात क्वचितच कुठे असेल. अमेझॉनच्या क्लाउडचा ‘यूएस-ईस्ट-१’ हा विभागही याच उत्तर व्हर्जिनियातला.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी, इथल्या घड्याळानं दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, या विभागातल्या ‘एस-३’ या साठवणसेवेची देखभाल चालू होती. बिलिंगची यंत्रणा मंद चालत होती, तिचं कारण शोधलं जात होतं. अधिकृत कर्मचाऱ्यानं ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे मोजके सर्व्हर काढून घेणारी कमांड दिली. त्या कमांडला दिलेली एक किंमत चुकीची टाइप झाली आणि मोजक्याऐवजी बरेच जास्त सर्व्हर निघाले. साठवलेल्या प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा ठेवणारी यंत्रणाच त्यात सापडली आणि ती पूर्ण नव्यानं सुरू करावी लागली. सेवा पूर्ववत व्हायला सव्वाचार तास लागले. तोवर असंख्य संकेतस्थळं आणि अ‍ॅप अडून बसली होती. सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा अमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-३ वर अवलंबून होता, त्यामुळे पहिले दोन तास त्याच्यावर खरी स्थिती दाखवता आली नाही.

हा सगळा तपशील अमेझॉननंच जाहीर केला, आणि उपायही सांगितला. टाइप करणाऱ्या माणसाला दोष देऊन ते थांबले नाहीत, त्यांनी ते साधन बदललं. आता ते सर्व्हर सावकाश काढतं, आणि गरजेच्या किमान पातळीखाली नेणारी आज्ञा पाळत नाही. आपण दोन आर्ग्युमेंट वाचणारं लहानसं अ‍ॅप लिहितो तेव्हाही नियम हाच आहे. माणूस कधीतरी चुकीची पाटी लावणारच. न ओळखीची किंमत आली तर अ‍ॅपनं ती मुकाट गिळू नये. ती काय आली आणि आपण काय केलं ते लॉगमध्ये स्पष्ट लिहावं, आणि चाचणी चालू असेल तर तिथेच थांबावं.

पाटी काढायला विसरू नका

पण काही सूचनांचा परिणाम फेरी संपली तरी मागे राहतो. गूगलच्या फायरबेस अ‍ॅनालिटिक्सला आयफोनवर ‘-एफआयआरडीबगएनेबल्ड’ हे आर्ग्युमेंट दिलं की तपासणीची अवस्था सुरू होते. नंतर ते यादीतून काढलं तरी ती बंद होत नाही, बंद करायला ‘-एफआयआरडीबगडिसेबल्ड’ हे वेगळं आर्ग्युमेंट एकदा द्यावं लागतं. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत फार थोडे वाचतात.

लॉगिन वगळण्यासारखी सूचना वाचणारा कोड लोकांच्या फोनवर जाताच कामा नये. आयफोनवर आयकॉनवरून आर्ग्युमेंट येत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये, आणि अँड्रॉइडवर तर धोका उघड आहे. अ‍ॅपचा पहिला पडदा बाहेरून उघडता यावा असाच ठेवावा लागतो, त्यामुळे फोनमधलं दुसरं कुठलंही अ‍ॅप हवा तो एक्स्ट्रा जोडून तो उघडू शकतं. असा कोड फक्त डीबग बिल्डमध्ये राहील अशा अटीत बंद करावा, म्हणजे प्रकाशित बिल्डमध्ये तो चालणारच नाही.

पासवर्ड आणि गुप्त चाव्या आर्ग्युमेंटमध्ये लिहू नयेत. एक्सकोडची स्कीम सहकाऱ्यांसाठी सामाईक केली की ती फाइल बनून कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, जाते, आणि तिच्यात लिहिलेली चावीही जाते. नंतर ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. संगणकावर चालू असलेल्या प्रोग्रामांची आर्ग्युमेंट तर प्रक्रियांच्या यादीत उघड दिसतात. पाटी सगळ्यांनी वाचावी म्हणूनच लावतात, तिच्यावर तिजोरीचा आकडा लिहीत नाहीत.

आता अ‍ॅप बनवणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुम्ही पुण्यात असा, पणजीत असा की अ‍ॅशबर्नमध्ये, तुमचा स्वतःचा फोन बहुधा इंग्रजीत आहे. तुमच्या अ‍ॅपची एक वेगळी स्कीम किंवा एक ओळीची कमांड करून ठेवा आणि तिचं नाव ‘मराठी’ ठेवा. मराठी भाषा, भारतातली वेळ, दुप्पट लांबीचा मजकूर आणि बंद सर्व्हर, एवढ्या चार फेऱ्या दर आठवड्याला मारा. दहा मिनिटांचं काम आहे. ते आपण केलं नाही, तर तेच काम साताऱ्यातली कुणी आई तीनदा ‘पाठवा’ दाबून करते, आणि चूक आपलीच असेल असं समजून फोन बाजूला ठेवते.